उसन्या पाण्याची नदी

पेण तालुक्यातल्या डोलवीपाशी अंबा ही नावापुरतीच नदी उरते. धरमतरच्या खाडीत तिचे पाणी खारे होते आणि भरती-ओहोटीच्या तालावर चढते-उतरते. खळखळाट ऐकायचा, धबधबा पाहायचा, तर डोलवीकरांनी दक्षिणेची वाट धरावी. मुंबई-गोवा रस्त्याने नागोठणे मागे टाकून कोलाडला यावे आणि कुंडलिकेच्या काठाने डोंगराकडे निघावे. गेल्या पौषात आम्ही चौघे असेच निघालो.

भल्या सकाळी काठावर पोहोचलो, तर पात्रात गोटेच गोटे! "हेच का ते पाणी?" सौभाग्यवतींनी माझ्याकडे रोखून पाहिले. चहावाला मात्र शांत होता. "ताई, जरा दम धरा. पाणी अजून सुटायचंय."

आणि खरोखरच, दुसरा चहा संपेतो नदी भरून आली. गोटे बुडाले, पाणी फेसाळत खडकांवरून उड्या घेऊ लागले आणि त्यावर रबरी होड्या हेलकावत निघाल्या. आत बसलेल्यांच्या किंकाळ्या काठापर्यंत ऐकू येत होत्या.

या चमत्काराचे मूळ भिऱ्याला आहे. घाटावर मुळशीला मुळा नदी धरणाने अडवली आहे. तिचे पाणी बोगद्यांतून आणि नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात कोसळते, जनित्रे फिरवते आणि मग कुंडलिकेत येते. टाटांचे हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. जे पाणी पुण्यावरून भीमेला, पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जायचे, ते आता रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. डोलवीचे पाणी चंद्राच्या तंत्राने चालते. कोलाडचे शहरातल्या दिव्यांच्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिऱ्याहून देवकुंडाकडे चालत गेलो. वाट आधी बंधाऱ्याच्या पाण्याच्या कडेने जाते, मग रानात शिरते, ओढे ओलांडते. दोन-अडीच तासांनी उंच कड्यांच्या कुशीत हिरवेगार कुंड दिसते आणि त्यात पांढरी धार पडत असते. हे पाणी मात्र डोंगराचे स्वतःचे. ते कोणाच्या हुकमाने पडत नाही.

तिथे बसल्यावर वरच्या मुळशीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते. त्याच लढ्याने त्यांना 'सेनापती' केले. लढा हरला. गावे, शेते, देवळे पाण्याखाली गेली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, मावळ्यांना विस्थापन. कोलाडच्या होड्या ज्या लाटांवर नाचतात, त्या लाटांची किंमत अशी आधीच कोणीतरी चुकती केली आहे.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत जरूर जा. पावसाळ्यात देवकुंडाकडे जाण्यास प्रशासन अनेकदा मनाई करते, ती मोडू नका. कुंड खोल आहे. त्याने अनेक बळी घेतले आहेत. आणि कोलाडला पात्र कोरडे दिसले म्हणून मुलांना गोट्यांवर खेळायला सोडू नका. पाणी कधी सुटणार, हे आधी गावकऱ्यांना विचारा.