आडनाव, स्वल्पविराम, साल

हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर एक मोठा निबंध छापला. त्यात एके ठिकाणी आधाराचा उल्लेख त्यांनी वाक्याच्या ओघातच केला: कंसात लेखकाचं नाव आणि साल. ‘हार्वर्ड पद्धत’ या नावाने ओळखली जाणारी संदर्भशैली तिथून सुरू झाली, असं मानतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती मला आकड्यांच्या पद्धतीपेक्षा कितीतरी उजवी वाटते. चौकटी कंसातला १७ काहीच सांगत नाही. नाव आणि साल दिसलं, की कोण कोणाच्या आधी बोललं हे पान न उलटता कळतं.

अक्षरजुळणी करणाऱ्याला मात्र ती जड जाते. आकडा क्रमाने देता येतो, नाव-सालाची खूण प्रत्येक नोंदीसाठी घडवावी लागते. तीन लेखक असतील तर किती नावं घ्यायची? एकाच लेखकाची एकाच साली दोन पुस्तकं असतील तर? नाव वाक्याचा कर्ता असेल तर कंस फक्त सालाभोवती हवा; नुसता आधार द्यायचा असेल तर नाव आणि साल दोन्ही कंसात.

हे काम संगणकावर सोपवता येतं. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक उभारलं आणि त्याच्या जोडीला ओरेन पटाश्निक यांनी १९८५मध्ये संदर्भांच्या याद्या करणारं बिबटेक लिहिलं. त्याची मूळ कल्पना आजही टिकून आहे. ग्रंथांची माहिती एका फायलीत, ती कशी दिसावी याचे नियम दुसऱ्या. माहिती एकदाच भरायची. मासिक बदललं, विद्यापीठ बदललं, तर नियमांची फाइल बदलायची. या नियमांच्या फायलीला सगळे ‘बीएसटी’ म्हणतात. तिची भाषा पटाश्निक यांनी स्वतंत्र घडवली. तीत आधी माल चळतीवर ठेवायचा आणि मग त्याचं काय करायचं ते सांगायचं, त्यामुळे पहिल्यांदा उघडणाऱ्याला ती उलटी वाचल्यासारखी वाटते. पण तिची शिस्त कळली की ती आवडू लागते.

एकाच लेखकाची एकाच साली दोन पुस्तकं आली, तर सालाला ‘ए’ आणि ‘बी’ जोडायचे असतात. यादी वरून खाली वाचताना पहिल्या नोंदीपाशी यंत्राला पुढे जुळी नोंद आहे हे ठाऊकच नसतं. म्हणून बीएसटी यादीवरून दोनदा चालते. जाताना दुसरीला ‘बी’ आणि तिसरीला ‘सी’ मिळतो. मग उलट्या दिशेने परत येताना, जिच्या पुढच्या नोंदीला ‘बी’ लागला आहे तिला ‘ए’ दिला जातो. एकट्या नोंदीला काहीच लागत नाही. इतक्या तुटपुंज्या साधनांत इतकं नेमकं उत्तर क्वचितच सापडतं.

लॅम्पोर्ट यांच्या मूळ लाटेकमध्ये नाव-सालाची सोय नव्हती. ज्याने त्याने आपापली केली आणि प्रत्येकाची खूण वेगळी निघाली. तेव्हा लिंडाऊला असलेल्या माक्स प्लांक संस्थेतले पॅट्रिक डेली यांनी नॅटबिब लिहून या सगळ्या खुणा एकाच छत्राखाली आणल्या. वाक्यातला उल्लेख आणि कंसातला उल्लेख यांना त्यात वेगळ्या आज्ञा आहेत. पण मला त्यांचं मेकबीएसटी जास्त मोलाचं वाटतं. ते एकामागून एक प्रश्न विचारतं: आडनाव आधी की नंतर? साल कंसात? खंडाचा क्रमांक ठळक? किती नावांनंतर ‘आणि इतर’? उत्तरं संपली की तुमच्या शैलीची बीएसटी फाइल तयार. चळतीची भाषा न शिकताही स्वतःची शैली घडवता येते.

मराठी ग्रंथसूचीला मात्र हे पुरत नाही. मूळ बिबटेक अक्षर म्हणजे एक बाइट असं धरतं, आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आद्याक्षर मागितलं तर हाती फुटका तुकडा येतो. शिवाय आपलं आद्याक्षर म्हणजे पहिलं चिन्ह नव्हेच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं ‘वि. का.’ होतं, ‘व. क.’ नाही, त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचं ‘त्र्यं. शं.’. क्रमाचंही तसंच. युनिकोडच्या अंकांनुसार लावलं तर ‘काळे’ हे ‘काशीकर’च्या आधी येतात, कारण तिथे ळ हा लला चिकटून आहे, मराठी वर्णमालेत तो हच्या पुढे आहे. क्षीरसागर क-च्या ढिगात जातात.

फिलिप लेहमन यांनी सुरू केलेली बिब्लाटेक ही लाटेकची संदर्भप्रणाली आणि तिच्यासोबत बिबटेकच्या जागी चालणारं बायबर यांनी इथे मोठा पल्ला गाठला. बायबर युनिकोड जाणतं आणि क्रम भाषेनुसार लावू शकतं. एकाच आडनावाचे दोन लेखक आले, तर आद्याक्षरं जोडून त्यांना वेगळं करण्याचं कामही ते करतं. जोशी, कुलकर्णी, पाटील यांनी भरलेल्या मराठी सूचीत याची गरज पानोपानी पडते. शैली आता लाटेकच्याच आज्ञांत लिहिली जाते, त्यामुळे एखादा स्वल्पविराम बदलायला वेगळी भाषा शिकावी लागत नाही. आणि ‘त्र्यं. शं.’साठी नावाचे भाग सुटे लिहून आद्याक्षरं आपल्या हाताने देता येतात. मराठी सूची करणाऱ्याने ही सवय पहिल्या नोंदीपासून लावून घ्यावी. शेकडो नोंदी झाल्यावर मागे फिरणं फार त्रासाचं होतं.

जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा इसवी सन नसतो, नुसताच शक असतो. तिथे ‘शके १८३०’ तसंच लिहावं, तेच मुखपृष्ठाशी प्रामाणिक. क्रमासाठी असलेल्या वेगळ्या रकान्यात ७८ मिळवून १९०८ घालावं. वाचकाला शक दिसतो, आणि नोंद १९०७ आणि १९०९च्या मधोमध आपल्या जागी बसते.