उतरत्या छपराखाली सपाट छत

कौलारू घरातील एखाद्या उंच खोलीत उभे राहून वर पाहा. मधोमध आढे, त्यापासून दोन्ही बाजूंना उतरत गेलेले वासे आणि त्यांवर रिपा व कौले दिसतात. उन्हाळ्यात तापलेल्या कौलांची धग थेट अंगावर येते. खाली एक सपाट छत केले, तर मधल्या हवेच्या थरामुळे ती बरीच कमी होते. काम सोपे दिसते : समोरासमोरच्या भिंतींवर लाकडी कड्या टाकायच्या आणि त्यांना खालून तक्ते ठोकायचे. पण त्याआधी दोन प्रश्नांचा विचार करावा लागतो.

कडी किती वाकेल?

साडेबारा मिलिमीटर जाडीच्या जिप्समच्या तक्त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 8 ते 9 किलो भरते. 4 मीटर रुंद व 5 मीटर लांब खोलीसाठी हे ओझे 160 ते 180 किलो झाले! ते पेलताना कडी मध्ये झुकते.

3 सेंटिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड अशी पट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मध्ये बोटाने दाबा. ती सहज वाकेल. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. ती जवळजवळ वाकतच नाही. हिशेबाने ती शंभरपट ताठ झालेली असते! रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर मात्र आठपट. म्हणूनच सुतार कडी नेहमी उभी बसवतो.

लांबीचा परिणाम याहून मोठा आहे. सारखे पसरलेले ओझे असेल, तर दुप्पट लांबीची कडी सोळापट झुकते.

भिंती कोण धरून ठेवते?

दोन जाड पुठ्ठे गुळगुळीत टेबलावर छपरासारखे एकमेकांना टेकवून ठेवा. खालची टोके बाहेर सरकतील आणि छप्पर बसेल. वासेही भिंतींना असेच बाहेर रेटत असतात. आता पुठ्ठ्यांची खालची टोके दोऱ्याने जोडा. दोरा ताणला जाईल आणि छप्पर उभे राहील. दोरा अर्ध्या उंचीवर बांधलात, तर त्यावरील ताण दुप्पट होतो आणि पुठ्ठे वाकू लागतात.

छपराच्या कैचीतील खालची आडवी तुळई हेच दोऱ्याचे काम करते. खोली उंच दिसावी म्हणून कोणी ती कापली, तर भिंती हळूहळू बाहेर कलू लागतात. आढ्याला स्वतंत्र भक्कम आधार असेल, तर हा रेटा फारसा उरत नाही. सपाट छताच्या कड्या वाशांच्या पायांना पक्क्या जोडल्या, तर त्या छतही पेलतात आणि रेटाही आवरतात. वाशांच्या दिशेला काटकोनात टाकलेल्या कड्या मात्र तो आवरू शकत नाहीत.

टेकू नव्हे, टांगणी

कैचीच्या मधला उभा दांडा पाहून तो आढ्याला खालून टेकू देत असावा, असे वाटते. प्रत्यक्षात उलटे असते. तो वरून टांगलेला असतो आणि लांब तुळईला मध्ये उचलून धरतो. त्यामुळे तुळईची आधारांमधील लांबी निम्मी होते, म्हणजेच झुकणे सोळाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी!

ऑक्सफर्ड येथील शेल्डोनियन थिएटर 1664 ते 1669 या काळात बांधले गेले. त्याचा रचनाकार ख्रिस्तोफर रेन तेव्हा तेथे खगोलशास्त्राचा प्राध्यापक होता. सुमारे 70 फूट, म्हणजे 21 मीटर रुंदीच्या सभागृहावर त्याला मध्ये एकही खांब न घेता सपाट छत हवे होते. एवढी लांब तुळई एकसंध लाकडातून मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्याने तुकडे जोडून मोठ्या कैच्या रचल्या आणि छत त्यांच्या आधाराने धरले. वरच्या माळ्यावर विद्यापीठाच्या छापखान्याची पुस्तकेही ठेवली जात! हा मूळ सांगाडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बदलण्यात आला.

तुमच्या शाळेला उतरते छप्पर असेल, तर खालूनच त्याची कैची नीट पाहा. तिचे कोणते भाग दाबाखाली आहेत आणि कोणते ताणाखाली? ताणाखालील भागाच्या जागी दोरी चालू शकेल. दाबाखालील भागाच्या जागी ती चालणार नाही. ही एक खूण लक्षात ठेवलीत, की उत्तर तुम्हालाच सापडेल.