गाडीच जेव्हा प्रवासी होते

३० सप्टेंबर १९५५ची गोष्ट. हॉलिवूडचा चोवीस वर्षांचा नट जेम्स डीन कॅलिफोर्नियातील सलिनास गावी मोटार शर्यतीसाठी निघाला होता. नऊ दिवसांपूर्वीच घेतलेली त्याची पोर्शे ५५० स्पायडर ही उभ्या माणसाच्या कमरेला लागेल एवढीच उंच, वजनाला हलकी, चंदेरी गाडी. ती उघड्या ट्रेलरवर चढवायची आणि तो ट्रेलर डीनच्याच फोर्ड स्टेशन वॅगनने ओढत न्यायचा, असा मूळ बेत होता. पण गाडी नवी कोरी, इंजिन अजून पुरेसे चाललेले नव्हते. तेव्हा मेकॅनिक रोल्फ व्यूथरिश याने सुचवले की, ती चालवतच नेलेली बरी. बेत बदलला. हे दोघे पोर्शेत बसले आणि स्टंट ड्रायव्हर बिल हिकमन स्टेशन वॅगनला रिकामा ट्रेलर जोडून मागोमाग निघाला.

दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसाने दोन्ही गाड्या अडवल्या. ताशी ५५ मैलांच्या हद्दीत डीन ६५ मैलांनी चालला होता. हिकमनलाही दंडाची चिठ्ठी मिळाली, कारण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला तिथे ताशी ४५ मैलांचीच मुभा होती. त्यानंतर दोन-सव्वादोन तासांनी एका तिठ्यावर समोरून वळणाऱ्या मोटारीशी पोर्शेची धडक झाली. डीन गेला. व्यूथरिश जबर जखमी झाला, पण वाचला. रिकामा ट्रेलर मागून येतच होता.

या अपघाताला कारणे अनेक होती. पण शर्यतीची ठेंगणी गाडी ट्रेलरवरून नेतात ती केवळ कौतुकापोटी नव्हे, एवढे त्यावरून समजावे. अशी गाडी रस्त्यावर इतरांच्या चटकन नजरेत भरत नाही, खड्डे तिला सोसत नाहीत आणि शर्यतीत काही मोडले तर परतीचा प्रवासच खुंटतो. ट्रेलर हा त्यावरचा उपाय. मात्र ट्रेलर सुरक्षित ठरतो तो गाडी नीट चढवली, योग्य जागी ठेवली आणि नीट बांधली तरच. ही तीनही कामे चाक हलण्याआधीची आहेत.

चढाचे गणित

आपल्या नेहमीच्या कौटुंबिक गाडीचे पोट जमिनीपासून साधारण १६ ते १८ सेंटीमीटर उंच असते. स्पोर्ट्स कारचे पुष्कळदा ११-१२ सेंटीमीटरच. शिवाय तिचे नाक पुढच्या चाकांच्या बरेच पुढे आलेले असते. समजा, नाकाची खालची कड जमिनीपासून १२ सेंटीमीटर उंच आहे आणि ती चाकापासून ९० सेंटीमीटर पुढे आहे. अशा गाडीला दर मीटरला १२ सेंटीमीटरचा चढ जेमतेम झेपतो. ट्रेलरचा पाट जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच असेल, तर रॅम्प हवा पाच मीटरचा! नेहमीचे दीड मीटरचे रॅम्प लावले, तर चाक चढायच्या आधीच नाक रॅम्पला भिडते.

यावर युक्त्या आहेत. रॅम्पच्या पायथ्याशी जाड फळ्या टाकून चढ दोन टप्प्यांत करता येतो. ट्रेलर अशा जागी उभा करावा की, त्याच्या मागची जमीन थोडी वर चढत जाते. मग रॅम्पचे टोक उंच जमिनीवर टेकते आणि चढ आपोआप सौम्य होतो. सर्वांत सोयीचा तो पाटच मागे कलणारा ट्रेलर. नाक पार झाले तरी काम संपत नाही. रॅम्प आणि पाट यांच्या सांध्यावर उंचवटा होतो, तिथे गाडीचे पोट टेकते. म्हणून एकाने खाली वाकून पाहत राहावे आणि दुसऱ्याने इंचाइंचाने गाडी पुढे घ्यावी.

आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. गाडीची पुढची चाके ट्रेलरच्या शेपटीवर आली की सगळे वजन ट्रेलरच्या चाकांच्या मागे पडते. शेपटी दबते, पुढचा दांडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजूही हलकी होते. ती जागेवरून सरकू शकते. म्हणून ट्रेलर जोडलेलाच ठेवावा, ओढणाऱ्या गाडीच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि ट्रेलरच्या शेपटीखाली भक्कम टेकू द्यावा. गाडी इंजिनाच्या जोरावर चढवण्यापेक्षा विंचने ओढून घेणे बरे. विंचच्या तारेच्या रेषेत मात्र कोणीही उभे राहू नये. तार तुटली तर ती चाबकासारखी येते.

आत बसून गाडी चढवणाऱ्याची कधी गंमतही होते. गाडी इतकी ठेंगणी की दरवाजा ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्याला अडतो आणि बिचारा आतच अडकतो! दरवाजा उघडेल का, हे आधीच मापून घेतलेले बरे.

वजन कुठे पडते?

खरा जिवाचा प्रश्न इथे येतो. एका आसाच्या किंवा जवळजवळ बसवलेल्या दोन आसांच्या ट्रेलरचे वजन मधोमध तोललेले असून चालत नाही. ते थोडे पुढे झुकलेले असावे लागते. अमेरिकेतला प्रघात असा की, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा अधिक भार ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर यावा. वजन मागे गेले तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवू लागतो. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला फिरवतो. हुकावरचा भार फार वाढला, तर उलट ओढणाऱ्या गाडीची पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही.

म्हणून इंजिन कुठे आहे ते पाहावे. पोर्शे ५५० सारख्या गाडीत ते बैठकीच्या मागे असते. पुढे इंजिन असलेल्या गाडीसाठी ट्रेलरवर खूण केलेली जागा तिला चालणार नाही, ती आणखी पुढे घ्यावी लागेल.

इतके करूनही ट्रेलर डुलू लागलाच तर? जोराने ब्रेक दाबू नये, वेग वाढवू नये आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटकू नये. स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. नंतर थांबून वजनाची जागा तपासावी. पुष्कळ देशांत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला आजही वेगळी वेगमर्यादा आहे. कॅलिफोर्नियात ती ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर आहे.

बांधायचे कशाला?

गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला म्हणजे झाले, असे समजू नये. चारही कोपऱ्यांना पट्टे हवेत. पुढचे पट्टे गाडीला पुढे आणि मागचे मागे ओढणारे असावेत, म्हणजे ब्रेक लागला तरी गाडी जागची हलत नाही. अमेरिकेत मालवाहतुकीच्या नियमांनुसार पट्ट्यांची एकत्रित ताकद बांधलेल्या वस्तूच्या वजनाच्या निम्मी तरी असावीच लागते.

ठेंगण्या गाडीचे पट्टे चाकांवरून घेणे उत्तम. गाडीची बॉडी स्प्रिंगवर बसलेली असते, ती प्रवासात वरखाली होते आणि तिला बांधलेले पट्टे सैल पडत जातात. चाके मात्र पाटावर घट्ट बसतात आणि वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर मोकळी राहते. खाली हात घालून सापडेल त्या दांडीला पट्टा अडकवला, तर ब्रेकची नळी चेपण्याची भीती असते. पट्टा धारदार कडेवरून जाऊ देऊ नये. मोकळ्या भागात त्याला एक पीळ दिला की वाऱ्याने तो फडफडत नाही.

उघड्या ट्रेलरवर गाडीला कापडी आवरण घालावेसे वाटते. ते टाळावे. वाऱ्याने फडफडणारे कापड रंगावर धुळीसकट घासत राहते. धूळ पुसता येते, ओरखडे पुसता येत नाहीत. गाडी उलटी चढवली असेल, तर कापडी छत आणि मागचे झाकण यांच्या फटीत वारा शिरतो. ती घट्ट बंद असल्याची खात्री करून घ्यावी.

आपल्या रस्त्यांवर

आपल्याकडे ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकानुसार गोलाकार स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीबोळांतले स्पीडब्रेकर कसे असतात, ते वाचकांना सांगायला नको! लांब ट्रेलरची शेपटी अशा ठिकाणी घासते, म्हणून ते सावकाश ओलांडावे लागतात.

स्पोर्ट्स कार सर्वांच्या दारी नसते. पण बंद पडलेली आपली साधी गाडी कधी ना कधी पाट कलणाऱ्या टोइंग ट्रकवर चढतेच. तेव्हा बाजूला उभे राहून नुसते पाहू नये. चढताना नाक आणि पोट कुठे टेकत नाही ना, चारही कोपरे बांधले ना, पट्टे चाकांवरून घेतले ना, हँडब्रेक लागला ना, हे स्वतः पाहावे. आणि निघताना चालकाला सांगावे, “दहा किलोमीटरवर एकदा थांबून पट्टे तपासा.” पहिल्या धक्क्यांनी पट्टे थोडे सैल होतातच. ते पुन्हा आवळायला पाच मिनिटे पुरतात.