रात्रीचे रडणे आणि पेल्यातले दूध

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रात्र उशिरा सुरू होते. दुकानांच्या वेळा कारखान्यांच्या पाळ्यांशी बांधलेल्या असतात. भोसरी, आकुर्डी, निगडी किंवा चाकणच्या बाजारपेठेत किराणा, कापड वा हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या घरात शटर खाली येऊन, गल्ल्याचा हिशेब मिटून दिवे मालवेपर्यंत दहा-साडेदहा सहज वाजतात. अशा घरात वर्ष-दीड वर्षाचे मूल रात्री चार-चार वेळा दचकून उठू लागले, की सारे घर जागे होते. पूर्वी याची कारणे ठरलेली होती: दृष्ट लागली असेल, दात येत असतील, पोटात वारा धरला असेल. आता त्यांत एका कारणाची भर पडली आहे, ती म्हणजे अ‍ॅलर्जी. आणि अ‍ॅलर्जी म्हटली, की पहिली कुऱ्हाड दुधावर पडते.

हा संशय निराधार नाही. मात्र तो पडताळून न पाहता दूध कायमचे बंद करणे जैन घरातील बालकाला इतरांपेक्षा महाग पडू शकते. अंडे, मासे, मांस या घरात नाहीत. काटेकोर पाळणाऱ्या घरांत गाजर, बीट, बटाटा, रताळे हे बाळाच्या पहिल्या घासाचे नेहमीचे पदार्थही नाहीत. कांदा-बटाट्याच्या घाऊक बाजारासाठी ज्या चाकणचे नाव राज्यभर घेतले जाते, तेथील कित्येक स्वयंपाकघरांत या दोन्हींना प्रवेश नसतो. अशा ताटातून दूधही उचलले, तर मागे काय उरते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. अन्नाची अ‍ॅलर्जी आणि बालकांची झोप यांचा संबंध मात्र बऱ्याच काळानंतर नीट तपासला गेला. ब्रुसेल्सचे आंद्रे कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात आजही आठवला जातो. रात्रभर जागणारी, रडणारी आणि ज्यांच्या जागरणाचे दुसरे कोणतेही कारण सापडत नव्हते अशी 17 मुले त्यांनी निवडली व त्यांच्या आहारातून गायीचे दूध काढले. 15 मुलांची झोप पूर्ववत झाली. पण ती दोन-चार दिवसांत नव्हे, तर पाच ते सहा आठवड्यांनी. पुन्हा दूध देताच निद्रानाश परतला. या अभ्यासातील महत्त्वाचा शब्द ‘निवडलेली’ हा आहे. इतर सर्व कारणे बाजूला सारल्यानंतर उरलेली ही मुले होती. रडणाऱ्या प्रत्येक मुलाला हा निष्कर्ष लावता येत नाही.

अन्न झोप मोडते ते कसे? सर्वांत परिचित वाट त्वचेची आहे. इसब असलेल्या मुलाची खाज रात्री वाढते. अंथरुणाच्या उबेने त्वचा तापते, शिवाय दाह आवरणारे शरीरातील कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री सर्वांत कमी असते. सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके, कोपराच्या व गुडघ्याच्या घडीत ओरखडे दिसतात. लहान वयातील तीव्र इसबामागे काही वेळा दूध, गहू वा शेंगदाणा असतो, नेहमीच नसतो. दुसरी वाट पोटाची: दूध वर येणे, कळा, जुलाब, शौचात रक्ताचा अंश. हा प्रकार खाल्ल्यानंतर काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी प्रकट होतो. म्हणूनच त्याचा माग काढणे कठीण जाते. तिसरा प्रकार तत्काळ उमटणारा. काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात संध्याकाळच्या ताटाची अशी प्रतिक्रिया घर जागे असतानाच दिसते. चौविहारातून वगळलेल्या लहानग्याला झोपताना दिलेल्या दुधाच्या बाटलीची प्रतिक्रिया मात्र अंधारात उमटते. त्या बाटलीकडे लक्ष ठेवणे त्यामुळेच अधिक आवश्यक असते.

अ‍ॅलर्जी आपल्याकडे किती आढळते, याचे उत्तर अनेक पालकांना चकित करील. युरोपीय संघाच्या साहाय्याने चीन, रशिया आणि भारतातील शाळकरी मुलांची मोठी पाहणी झाली. भारतातील भाग कर्नाटकात पार पडला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार येथे अन्नाची संभाव्य अ‍ॅलर्जी केवळ 0.14 टक्के मुलांत आढळली. तान्ह्या वयात हे प्रमाण अधिक असू शकते, कारण दुधाची अ‍ॅलर्जी असलेली बहुतांश मुले शाळेच्या वयापर्यंत तिच्यातून बाहेर पडतात. तरीही आकडा लहानच आहे. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता असलेले मूल झोपेत पाय झाडते, कूस बदलत राहते. गंमत अशी, की या रक्तक्षयाला अनेकदा दुधाचा अतिरेक हातभार लावतो. लिटरभर दूध पिणारे दोन वर्षांचे मूल वरण-भाकरीकडे ढुंकून पाहत नाही आणि दुधात लोह जवळजवळ नसते. त्या घरी दूध आटोक्यात आणणे योग्यच, पण अ‍ॅलर्जीच्या नावाखाली नव्हे.

कारणे आणखीही असतात. रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतकृमी असतात. नाकामागील वाढलेल्या ग्रंथींमुळे मूल तोंड उघडे ठेवून घोरते. आणि दुकानदार घरांतील सर्वांत मोठे कारण घड्याळ हेच असावे. दिवसभर न दिसलेले वडील साडेदहाला घरी येतात, मूल तोवर जागे ठेवले जाते, मग तासभर खेळ किंवा मोबाइल. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह 11 ते 14 तासांची झोप लागते. ती रात्री बारानंतर सुरू होऊन पहाटेच्या लगबगीत पुरी होणार नाही. पहिल्या वर्षात बाळाने रात्री एक-दोनदा उठणे तर स्वाभाविकच आहे.

संशय उरलाच, तर पुष्कळ कुटुंबे प्रयोगशाळेकडे धाव घेतात. एका थेंबात शंभर-दोनशे पदार्थ तपासून देण्याच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. यांतील बऱ्याच चाचण्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे मोजतात. ही प्रतिपिंडे केवळ तो पदार्थ खाण्यात आहे, एवढेच सांगतात. अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी त्या करू नयेत, असे युरोपीय तज्ज्ञ-संस्थेने 2008 मध्येच बजावले आहे. आयजीई चाचणी वा त्वचेवरील टोचणी-चाचणी उपयुक्त असते, पण लक्षणांच्या जोडीनेच. उशिरा उमटणाऱ्या, पोटाशी संबंधित प्रकारात तीही निर्दोष येऊ शकते.

मग निदान कसे होते? व्यापारी घराला ही पद्धत अवघड वाटू नये. रोजकीर्द ठेवतात तसे दोन आठवडे लिहून ठेवायचे: बाळाने काय खाल्ले, किती वाजता, आईने काय खाल्ले, कधी झोपले, कधी उठले, खाज, उलटी, शौच. ही वही पाहून बालरोगतज्ज्ञाला संशय रास्त वाटला, तर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचा, इसबाच्या बाबतीत थोडा अधिक काळ. त्यानंतर तो पुन्हा द्यायचा. ही दुसरी पायरी बहुतेक घरे गाळतात. मूल शांत झाले, आता कशाला पुन्हा त्रास, असे आजीला वाटते आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या काळात मूल मोठे झालेले असते, दात आलेले असतात, सर्दी गेलेली असते. दुधाचा दोष सिद्ध झालेला नसतो. पूर्वी तत्काळ प्रतिक्रिया आलेली असेल, तर पदार्थ पुन्हा देण्याचा प्रयोग रुग्णालयातच करावा.

बाळ अंगावर पीत असेल, तर पथ्य आईला पाळावे लागते, स्तनपान थांबवायचे नसते. आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल, गूळ वर्ज्य करणाऱ्या घराला असा आहार नवा नाही. फरक इतकाच, की आयंबिल एकभुक्त असते आणि या पथ्यात आईने दिवसभर भरपूर जेवायचे असते, तेल, डाळी, भाज्या, सुकामेवा सर्व काही. तुपातही दुधातील प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून चाचणीपुरते तेही बंद ठेवतात.

शाकाहारी ताटात बी-12 जीवनसत्त्वाचा मुख्य आधार दूध आणि दही हाच असतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये पुणे परिसरातील 441 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील 67 टक्के पुरुषांत बी-12 कमी होते, आणि शहरी मध्यमवर्गात तर 81 टक्के. दूध पिणाऱ्या प्रौढांची ही अवस्था, तर दूध तोडलेल्या, मेंदूची वाढ चालू असलेल्या बालकाविषयी अधिक सांगायला नको. म्हणून दूध खरोखरच बंद करावे लागले, तर बी-12, कॅल्शियम आणि लोह यांची तजवीज डॉक्टरांकडून त्याच दिवशी करून घ्यावी.

बदली दुधाबाबत गैरसमज फार आहेत. गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचे वा म्हशीचे दूधही सोसत नाही, कारण त्यांतील प्रथिने मिळतीजुळती असतात. ‘ए-टू’ दुधानेही हा प्रश्न सुटत नाही. बदामाचे किंवा नारळाचे दूध तान्ह्याचे पोषण करू शकत नाही. सहा महिन्यांनंतर सोयाबीनवर आधारित आणि त्याआधी प्रथिने तोडलेली शिशुआहार-भुकटी डॉक्टर सुचवतात. ती महाग असते. शिवाय काही भुकट्यांत प्रथिने तोडण्यासाठी प्राणिज एन्झाइम वापरलेले असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी संकोच न करता विचारावे. तांदळाच्या प्रथिनांपासून बनविलेल्या भुकटीचा पर्यायही असतो.

फरसाणाच्या पुड्यावरील ‘जैन’ हा शब्द कंदमुळे, कांदा-लसूण नाही एवढेच सांगतो. हिरवा ठिपकाही दूध, शेंगदाणा वा काजू नसल्याची ग्वाही देत नाही. त्यासाठी घटकांच्या यादीखालची अ‍ॅलर्जीविषयक ओळ वाचावी लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार दूध, ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन यांची घोषणा बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाहीत आणि हरभराही नाही. मुंबईतील संशोधकांनी 2001 मध्येच हरभरा हा भारतीय उपखंडातील महत्त्वाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ असल्याचे दाखविले होते. बेसनाचे लाडू, शेव, ढोकळा, खाकऱ्यावरचा मसाला, सणवाराचे अर्धे ताट हरभऱ्याचे असते. म्हणून दूध निर्दोष ठरले, तरी वही लगेच मिटवू नये.

रडणारे मूल झोपावे म्हणून सर्दीचे औषध पाजण्याची सवय मात्र धोक्याची आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिला आहे. खाल्ल्यानंतर गांधींसोबत खोकला, घरघर, आवाज बसणे, वारंवार उलट्या किंवा मूल एकाएकी निपचित पडणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. इतर वेळी घाई नसते. पिंपरीच्या संत तुकारामनगरातील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे जाताना दोन आठवड्यांची वही, बाळाच्या वजनाची नोंद असलेले लसीकरणाचे कार्ड आणि ज्या पदार्थाचा संशय आहे त्याचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे.