तुरीनची मोटार देशोदेशी

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९८५ साली '११८ एन. ई.' ही मोटार बाहेर पडली, तेव्हा भारतात तिची गणना नव्या गाडीत झाली. चौकोनी बांधा, चौकोनी दिवे, प्रशस्त डिकी आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरून उतरून जमिनीवर आलेला गिअर. पद्मिनीला सरावलेल्या कुटुंबांना एवढे पालटही पुष्कळ वाटले. वस्तुतः ही 'नवी' मोटार त्या वेळी एकोणीस वर्षांची होती. तिचा जन्म १९६६ साली इटलीतील तुरीन येथे झाला, आणि तिचे माहेरचे नाव 'फियाट १२४'. मधल्या काळात स्पेन, रशिया, कोरिया आणि तुर्कस्तान असा प्रवास करून ती कुर्ल्यास पोहोचली होती. एकाच मोटारीने इतक्या देशांत संसार थाटल्याची उदाहरणे थोडी आहेत. प्रत्येक ठिकाणी तिच्यात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे पाहू गेल्यास मोटारीइतकीच त्या त्या देशाचीही ओळख पटते.

मूळची १२४ ही दिखाऊ मोटार नव्हती. समोर इंजिनाची पेटी, मध्ये माणसांची, मागे सामानाची, अशा तीन पेट्या जोडून ठेवाव्यात तशी तिची आकृती. परंतु आतली रचना विचारपूर्वक केलेली होती. लांबी सुमारे चार मीटर, वजन अवघे ८५५ किलो, इंजिन ११९७ घनसेंटिमीटरचे आणि साठ अश्वशक्तीचे. हे इंजिन ज्यांनी आखले ते ऑरेलिओ लॅम्प्रेदी पूर्वी फेरारीच्या शर्यतीच्या मोटारींची इंजिने आखीत असत. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मध्यम मिळकतीच्या कुटुंबासाठी काढलेल्या गाडीत ही गोष्ट त्या काळी अपूर्वच म्हटली पाहिजे. १९६७ सालची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिची निवड झाली.

तिचा मुख्य गुण होता हलकेपणा. मिलानहून नेपल्सपर्यंत जाणारा 'सूर्यमार्ग' हा महामार्ग १९६४ साली पुरा झाला होता. इटालियन गृहस्थ बायकामुलांसह सुटीला निघाला की त्याला गुळगुळीत रस्ता मिळणार, हे गृहीत धरूनच ही मोटार बेतलेली होती. पातळ पत्रा, जमिनीलगत पोट, मऊ स्प्रिंगा. गृहीतच बदलले तर मात्र हे सारे गुण दोष होऊन बसणार होते, आणि झालेही तसेच.

१९६६ च्या ऑगस्ट महिन्यात सोव्हिएत संघ आणि फियाट यांच्यात करार झाला. व्होल्गा नदीकाठी एक प्रचंड कारखाना उभारावयाचा, तेथे वर्षाला सहा लाख साठ हजार मोटारी काढावयाच्या, आणि नमुना म्हणून १२४ घ्यावयाची, असा तो बेत होता. ज्या गावी हा कारखाना उभा राहिला त्याचे नाव तोल्यात्ती. इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे नेते पाल्मिरो तोल्यात्ती १९६४ साली क्रिमियात वारले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी गावाचे नाव बदलले गेले होते. पुढे त्याच गावात इटालियन भांडवलदाराच्या कारखान्याची मोटार तयार व्हावी, हा योगायोग गमतीचा खरा.

सोव्हिएत अभियंत्यांनी नमुन्याच्या मोटारी मागवून घेतल्या आणि मॉस्कोजवळच्या द्मित्रोव येथील चाचणीच्या मैदानावर, फरसबंदीच्या खडबडीत रस्त्यांवरून त्या पळवल्या. काही हजार किलोमीटरांतच त्यांच्या सांगाड्याला तडे गेले. तुरीनमध्ये कौतुकाचा विषय झालेले मागचे डिस्क ब्रेक चिखलाने व रेतीने भरून गेले आणि त्यांचे पॅड पाहता पाहता झिजले. डिस्क उघडी असते, तिच्यावर रस्त्याची घाण थेट येऊन बसते. ड्रम मात्र बंद डब्यासारखा असतो. म्हणून मागच्या चाकांना ड्रम ब्रेक बसवावे असे ठरले. हे ऐकून कोणी म्हणेल की, ही तर पिछेहाट झाली. कागदावर पाहिले तर झालीच. परंतु ब्रेकचे मोल पत्रकात छापलेल्या वर्णनावर ठरत नसून मार्च महिन्यात बर्फ वितळून चिखल झालेल्या रस्त्यावर ठरते, हे त्या अभियंत्यांनी ओळखले, आणि आम्हांला त्यांचा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

एक बदल झाला की तो दुसऱ्याला ओढून आणतो. पत्रा जाड केला, जोड बळकट केले, तेव्हा वजन वाढले. मोटार जमिनीपासून उंच उचलली. मागच्या धुऱ्याची बांधणी नव्याने केली, क्लच मोठा केला. बर्फात रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठी आकडे आले. कडाक्याच्या थंडीत बॅटरीने मान टाकली तर हँडल मारून इंजिन सुरू करता यावे, अशी सोय ठेवली. इंधन हाताने वर ओढण्यासाठी पंपाला लहानशी दांडी दिली. असे बदल होता होता त्यांची संख्या आठशेच्या वर गेली, आणि मोटार मूळच्यापेक्षा नव्वद-शंभर किलोंनी जड झाली.

इंजिनाच्या बाबतीत तर पाहुण्याने यजमानालाच मागे टाकले. लॅम्प्रेदींच्या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या पोटात होता आणि लांब सळयांच्या मार्फत तो काम करी. ही रचना लवकरच जुनी होणार, आपला कारखाना मात्र पुष्कळ वर्षे चालावयाचा आहे, असे म्हणून सोव्हिएत मंडळींनी कॅमशाफ्ट वर, झडपांच्या माथ्यावर असलाच पाहिजे असा आग्रह धरला. सिलिंडरचा व्यास ७३ वरून ७६ मिलिमीटर केला आणि दट्ट्याची धाव ७१.५ वरून ६६ वर आणली. म्हणजे इंजिनाचा एकूण आकार जवळजवळ तेवढाच राहिला, पण ते अधिक मोकळेपणी फिरू लागले आणि पुढे मोठे करण्यास त्यात वाव राहिला. तयार आराखडा विकत घेऊनही डोके गहाण न टाकणारे गिऱ्हाईक कसे असते, हे येथे दिसते.

पहिल्या सहा मोटारी १९७० च्या एप्रिलमध्ये तयार झाल्या. व्होल्गाच्या पलीकडच्या डोंगरांवरून मोटारीचे नाव 'झिगुली' ठेवले. परंतु परदेशांत ते 'जिगोलो' ह्या लाजिरवाण्या शब्दासारखे ऐकू येई, म्हणून निर्यातीच्या गाडीला 'लाडा' हे नाव मिळाले. रशियन लोकांनी तिला आपले लाडके नाव दिले ते 'कोपेयका', म्हणजे आपल्याकडचा पैसा. १९७३ संपण्यापूर्वी दहा लाखावी मोटार बाहेर पडली होती. तरीही ती मिळण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. आणि मिळाल्यावर सुटे भाग इतके दुर्मिळ की, गाडी रस्त्यावर उभी करताना मालक काच पुसणारे वायपर काढून खिशात घालून घरी नेत. चिखल आणि थंडी यांच्यावर अभियंत्यांनी तोड काढली. टंचाईवर तोड काढणे त्यांच्या हातात नव्हते.

इतर देशांची कथा इतकी विस्तृत नाही. स्पेनमध्ये 'सेआत' कारखान्याने १९६८ पासून १२४ काढली. तेथील हवापाणी इटलीशी मिळतेजुळते, त्यामुळे फारशी उलथापालथ करावी लागली नाही. १९७५ साली जुर्जारो ह्या नामांकित आरेखनकाराकडून तिचे रूप बदलून चौकोनी दिवे बसवण्यात आले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. दक्षिण कोरियात 'एशिया मोटर्स'ने १९७० ते १९७३ अशी तीनच वर्षे ती जोडली. तुर्कस्तानात बुर्सा येथे १९७१ साली ती 'मुरात १२४' या नावाने अवतरली. मुरात म्हणजे आपल्या ओळखीचा 'मुराद' हाच शब्द, मनीची इच्छा. अनातोलियातल्या खेड्यापाड्यांतून तिला लोक 'हाजी मुरात' म्हणू लागले. काही वर्षे बंद राहून १९८४ साली ती 'सेर्चे', म्हणजे चिमणी, होऊन परत आली. कारण त्याच कारखान्याच्या मोठ्या मोटारींना ससाण्या-गरुडांची नावे दिलेली होती. स्वस्त गाडीच्या वाट्याला चिमणीच यावयाची.

मराठी बोलणे तेच, पण इंदूरचे वळण निराळे, बडोद्याचे निराळे, बेळगावचे त्याहून निराळे. तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, भाषेचे वळण आपोआप पडते, मोटारीचे कोणीतरी पदरमोड करून पाडावे लागते.

आता कुर्ल्याकडे वळू. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा फियाटशी संबंध पन्नाशीच्या दशकापासूनचा. १९६४ साली '११०० डिलाइट' आली. तीच पुढे १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली. आग्रा रोडने धुळे-नाशिकमार्गे मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांना तिचे गुण-अवगुण तोंडपाठ असत. भर उन्हाळ्यात बिजासनचा घाट चढताना बॉनेट उघडून पाणी घालणे हा प्रवासाचाच भाग समजला जाई. तिची रांगही रशियासारखीच वर्षांच्या हिशेबाने मोजली जाई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची छोटी गाडी आली आणि हे समाधान ढळले. इंजिन जपानी असेल तर मोटार पहिल्या किल्लीला सुरू होते, घाटात तापत नाही आणि पेट्रोल कमी पिते, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. प्रीमियरने यावर जो तोडगा काढला तो विलक्षण होता. १२४ चा इटालियन सांगाडा घेतला आणि त्यात निस्सानचे ११७१ घनसेंटिमीटरचे जपानी इंजिन व गिअरबॉक्स बसवला. नावातील 'एन. ई.' ही अक्षरे 'निस्सान इंजिन' याचीच.

हे इंजिन गुणी होते यात शंका नाही. पद्मिनीवरून ११८ वर आलेल्या माणसाला ती शांत व चपळ वाटली, आणि मागच्या आसनावर तीन माणसे सुखाने बसत. तथापि तोल्यात्ती आणि कुर्ला यांची तुलना केल्यावाचून आम्हांला राहवत नाही. तोल्यात्तीला १२४ आली तेव्हा ती ताजी होती, आणि तिची परीक्षा घेऊन, तिला मोडून, मग तिला स्वीकारले गेले. कुर्ल्याला ती आली तेव्हा खुद्द इटलीत ती बंद होऊन अकरा वर्षे लोटली होती. फियाटने पुढच्या चाकांना जोर देणारी १२८ ही मोटार १९६९ सालीच काढली होती, आणि तोल्यात्तीच्या कारखान्यानेही १९८४ मध्ये तशीच नवी गाडी बाजारात आणली होती. आपल्याकडे हृदय नवे बसवले, पण कुडी जुनीच राहिली. १९९० साली मारुती १००० आली आणि त्यानंतर परदेशी कंपन्यांना दारे उघडली गेली, तेव्हा ११८ ला तोंड द्यावे लागले ते प्रथमच खऱ्या प्रतिस्पर्ध्यांना. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचा कारभार आटोपला.

अर्थात, ज्यांनी १२४ ला सर्वांत कष्टाने आपलेसे केले त्यांनीच तिला सर्वांत जास्त काळ जखडूनही ठेवले, हेही सांगितले पाहिजे. तोल्यात्तीची मोटार तिच्या रस्त्यांना इतकी फिट्ट बसली, आणि दुसरी मोटार मिळण्याची शक्यता इतकी थोडी होती, की तिला बदलण्याची कोणास निकड वाटली नाही. दिवे चौकोनी झाले, पुढची जाळी चकचकीत झाली, आकडे २१०१ चे २१०५ व २१०७ झाले, पण आतील सांगाडा तोच. ह्या घराण्यातील शेवटची मोटार रशियात २०१२ साली बाहेर पडली. तोवर एकंदर संख्या पावणेदोन कोटींच्या घरात गेली होती. हँडल मारण्याची सोय लावणाऱ्या अभियंत्यांनी आपले काम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालेल असे मनातही आणले नसेल.

खुद्द फियाटने २०१६ साली १२४ हा आकडा पुन्हा वापरला, तो दोन आसनांच्या एका उघड्या मोटारीसाठी. ती गाडी जपानमध्ये हिरोशिमा येथे माझदाच्या कारखान्यात, माझदाच्याच सांगाड्यावर तयार होत असे, आणि तिच्यात बसवलेले इंजिन मात्र इटलीचे होते. कुर्ल्यात इटालियन सांगाड्यात जपानी इंजिन बसवले गेले त्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती.