सायकलचे हँडल किती लांब असावे?

अंबरनाथच्या शिवमंदिराकडून स्टेशनकडे निघालेली सायकलवरची मंडळी कधी निरखून पाहिलीत का? एखादा असा ओणवा झालेला असतो, की जणू हँडल त्याच्यापुढे पळते आहे. दोष त्याचा नव्हे. सायकल वडिलांची असते, किंवा दुकानदाराने "२४ ची घ्या, चालेल" म्हणून दिलेली. आता हे २४ इंच म्हणजे काय, तर सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. सीटपासून हँडल किती दूर, हे त्यावरून कळत नाही.

माझीही सायकल २४ चीच होती. कॉलेजात पोचेपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर व्हायचे. हँडल लांब, म्हणून अंगाचा भार तळहातांवर, आणि त्याखाली नस चेपलेली!

तेव्हा माप घेऊ. पण आधी सीटची उंची. सायकल भिंतीला टेकवून बसा, टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ व्हावा, कंबर मात्र कलू नये. हे आधी का? सीटची नळी मागे कललेली असते. सीट वर घेतली की ती थोडी मागेही जाते, आणि हँडल आणखी दूर पडते.

मग कोपर सीटच्या पुढच्या टोकाला लावून हात हँडलाकडे सरळ करा. मधले बोट हँडलाला टेकावे, फार तर दोन बोटे कमी पडावे. कोपरापासून बोटापर्यंतचे हे अंतर म्हणजे शिल्पशास्त्रातला २४ अंगुळांचा 'हस्त'. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख असलेल्या आपल्या मंदिराच्या काळीही हे माप जुनेच होते. नियम ढोबळ आहे. धड लांब आणि हात आखूड असेल, तर तो फसवतो. म्हणून चालवताना कोपरात किंचित बाक राहतो ना, तेही पाहा.

हँडल लांब वाटले तर ते उचला. ३ सेंटिमीटर वर घेतले की सुमारे १ सेंटिमीटर जवळ येते, कारण पुढची नळीही कललेली. दांड्यावर खूण असल्यास तिच्यापलीकडे ओढू नका. सीट पुढे सरकवण्याचा मोह मात्र आवरा. तिची जागा पायांच्या हिशेबाने ठरते. हात सुटतील, गुडघे धरतील. एवढ्यानेही जमले नाही, तर सांगाडाच मोठा आहे असे समजावे.

माझी सायकल मी शेवटी विकली. घेणारे गृहस्थ माझ्याहून वीतभर उंच होते. पैसे घेण्याआधी त्यांचे कोपर सीटला लावून पाहिले.