साडेसातीचा आल्बम

आमच्या जिल्ह्यात शनिमहाराजांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. पूर्वीचा नगर आणि आता अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्यातच, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. उघड्या चौथऱ्यावरची ती काळी शिळा आणि घरांना दारे न बसवण्याची तिथली प्रथा साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा आम्हा बँकवाल्यांत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. माझी सारी नोकरी बँकेत गेली. ‘साहेब, साडेसाती उतरू द्या, मग ट्रॅक्टरचं कर्ज उचलतो,’ असे सांगणारे शेतकरी प्रत्येक शाखेत भेटले. मला त्यांचे हसू कधी आले नाही. ज्याचे पीक पावसावर आणि भाव बाजारावर, त्याने आपल्या अडचणीला एखादे नाव दिले तर बिघडले कुठे?

पण याच शनीची दुसरी एक ओळख आहे, आणि ती श्रीरामपुरातल्या कुठल्याही मोकळ्या गच्चीवरून करून घेता येते. निवृत्तीच्या वर्षी, २०१७ मध्ये, मी आठ इंची आरशाची एक साधी दुर्बीण घेतली आणि मागून तिला जोडायला बोटभर लांबीचा डिजिटल कॅमेरा. त्या जोडीने मी दरवर्षी शनीचा एक फोटो काढत आलो. आजवर नऊ झाले.

आधी थोडा हिशेब. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एक फेरी घ्यायला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटली, तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे आणि तीन राशींना साडेसात. आपली रास, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची, मिळून साडेसाती. म्हणजे साडेसाती हा शनीच्या प्रदक्षिणेचा बरोबर चौथा हिस्सा. आणि बारांपैकी तीन राशी कोणत्याही दिवशी साडेसातीत असतात, म्हणजे ढोबळमानाने दर चार माणसांत एक.

आता कड्यांचे पाहू. शनीचा आस सुमारे २७ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे एका प्रदक्षिणेत त्याची कडी आपल्याला दोनदा पुरती उघडलेली दिसतात आणि दोनदा अगदी कडेवरून. कड्यांचा विस्तार जवळजवळ पावणेतीन लाख किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरसुद्धा नाही. खातेवहीचे पान डोळ्यांसमोर आडवे धरले की दिसेनासे होते, तशी ती नाहीशी होतात. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना दोन सोबती पाहिले. १६१२ मध्ये ते गायब झालेले पाहून तो चक्रावून गेला. ते सोबती नसून कडे आहे, हा उलगडा हायगेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केला. पुरत्या उघड्या कड्यांपासून मिटलेल्या कड्यांपर्यंतचा काळ हाही प्रदक्षिणेचा चौथा हिस्सा. म्हणजे एक साडेसातीच!

आमची थोरली बहीण, अक्का, मकर राशीची. प्रचलित पंचांगांप्रमाणे शनी २०१७ च्या जानेवारीत धनू राशीत आला, जूनमध्ये वक्री होऊन मागे गेला आणि २६ ऑक्टोबरला पुन्हा धनूत शिरला. तिथून मकरवाल्यांची साडेसाती लागली, ती २९ मार्च २०२५ ला संपली. खगोलाच्या तक्त्यांत कडी सर्वांत उघडी होती ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि कडेवर आली २३ मार्च २०२५ ला. वह्या वेगळ्या, पण ताळा जुळलेला. यात चमत्कार काही नाही. दोन्ही हिशेब एकाच ग्रहाच्या एकाच चालीचे आहेत. पण मला आल्बमसाठी आरंभ आणि शेवट दोन्ही मिळाले.

फोटो काढतात कसा, ते सांगतो. कड्यांसकट शनी आकाशात दिसतो केवढा, तर सव्वाशे मीटरवर धरलेल्या अडीच सेंटिमीटरच्या नाण्याएवढा. त्यात मध्ये हवा. आमच्या प्रवरेच्या पाटाला पाणी सुटले की तळाचा खडा कसा लवलवतो, तसा शनी हवेतून लवलवत असतो. ऑक्टोबरात दिवसभर तापलेल्या स्लॅबची वाफ त्यात भर घालते, म्हणून गच्ची निवेपर्यंत थांबावे लागते. एकच फोटो काढला तर हाती पिवळा गोळा येतो. म्हणून फोटो न काढता चित्रफीत घ्यायची. माझ्या दुर्बिणीला आपोआप फिरवणारी मोटार नाही. पृथ्वी फिरते आणि शनी अर्ध्या मिनिटात चौकटीबाहेर जातो. पुन्हा धरायचा, पुन्हा सोडायचा. अशा दहा-बारा खेपांत काही हजार चित्रे जमतात.

मग संगणकाचे काम. ऑटोस्टॅकर्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम ही हजारो चित्रे तपासतो, हवा क्षणभर स्थिर असताना आलेली निवडतो आणि एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतो. प्रत्येक चित्रातली चूक वेगळ्या दिशेची असते. ती एकमेकींना खाऊन टाकतात. खरे ते मात्र प्रत्येक चित्रात त्याच जागी असते, म्हणून तेवढे उरते. शंभर चित्रे रचली की कॅमेऱ्याची खरखर दहापटीने कमी होते. पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने २०२१ च्या मे महिन्यात पन्नास हजारांवर चित्रांतून चंद्राचा एक फोटो घडवला आणि तो देशभर गाजला, तो याच रीतीने. शहराच्या दिव्यांची अडचण तेजोमेघांना आणि दीर्घिकांना होते. शनी पुरेसा तेजस्वी आहे; नगरपालिकेचा दिवा कोपऱ्यावर जळत असला तरी त्याचे काही अडत नाही.

आपल्याला खरी अडचण पावसाची. शनी रात्रभर आकाशात असण्याचा काळ या वर्षांत जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडला, म्हणजे नेमका ढगांत. म्हणून माझे फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरचे. पहिले तीन शेजारी ठेवले तर फरक जेमतेम कळतो. कल २७ अंशांवरून २५ वर आला एवढाच. मग मात्र कडी भराभर मिटू लागतात.

पाचवा फोटो २०२१ चा. त्या वर्षी एप्रिलमध्ये दाजी, अक्काचे यजमान, कोरोनात गेले. दहा दिवसांत होत्याचे नव्हते झाले. अक्का रडली कमी आणि बोलली त्याहून कमी. तेराव्यानंतर एकदा म्हणाली, ‘‘साडेसाती माझी होती रे. भोगली त्यांनी.’’ यावर काय बोलणार? विज्ञान सांगायला तोंड उघडवेना. तिला दुःख होतेच, पण त्यावर हा अपराध तिने स्वतःच्या माथी घेतला होता, आणि तो कुणी काढून घेऊ म्हणता निघत नव्हता. दर शनिवारी मारुतीच्या देवळात तेल घालून ती कुणाची क्षमा मागत होती, ते मला कळत होते.

गुडघ्यांमुळे तिला गच्चीचा जिना चढवत नाही. चढली असती तरी आयपीसला डोळा लावायला वाकणे जमले नसते. डिजिटल फोटोचा माझ्या लेखी सर्वांत मोठा उपकार हा, की आकाश जिना उतरून खाली येते. मार्च २०२५ मध्ये, कडी नेमकी कडेवर आली तेव्हा, शनी सूर्याजवळ होता. दिसणे शक्यच नव्हते. पण नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस त्यांचा कल पुन्हा अर्ध्या अंशाहूनही कमी झाला, आणि मला नववा फोटो मिळाला. गोळ्याच्या आरपार सुईने ओढावी तशी रेघ. नऊही फोटो मोठे छापून घेतले, मागे तारखा लिहिल्या आणि अक्काच्या पलंगावर ओळीने मांडले.

तिने चष्मा पुसून एकेक फोटो उलटला, तारीख वाचली, पुन्हा सुलटा ठेवला. पाचव्यावर थांबली. मग चौथा आणि सहावा त्याच्या दोन्ही बाजूंना सरकवून बराच वेळ पाहत राहिली.

‘‘ह्या साली काही वेगळं नाही केलं त्यानं,’’ ती म्हणाली.

‘‘नाही.’’

‘‘आपल्या वाटेनं चाललाय तो. त्याला काय ठाऊक श्रीरामपुरात कोण राहतं.’’

मी काही बोललो नाही. अक्का आजही शनिवारी तेल घालते आणि मी तिला रिक्षात बसवून देतो. फक्त ‘माझी साडेसाती होती’ हे वाक्य त्यानंतर माझ्या कानी आले नाही. पाचवा फोटो तिने मागून घेतला. तो दाजींच्या तसबिरीशेजारी नाही, तिच्या औषधांच्या डब्यात आहे.

कुणाला हौस असेल तर एक सांगतो. सुरुवातीला कॅमेराही घेऊ नका. कुणाकडे दुर्बीण असेल तिथे जा आणि आयपीसवर मोबाइल धरून पाहा. शनी हातात थरथरेल, पण कडी येतील. फोटो सुंदर नसला तरी चालेल. मागे तारीख मात्र न चुकता लिहा. एकटा फोटो शोभेपुरता असतो. तारखांसकट नऊ फोटो असले की ती साक्ष होते.

माझ्या नातीची रास मेष. पंचांगाप्रमाणे तिची साडेसाती मार्च २०२५ मध्येच लागली आणि २०३२ च्या मे महिन्यात संपेल. त्याच सुमाराला शनीची कडी पुन्हा पुरती उघडलेली असतील, या खेपेला दुसऱ्या बाजूने. मधल्या काळात तिची दहावी आहे, बारावी आहे. काही मनासारखे होईल, काही होणार नाही. यंदापासून दुर्बिणीमागे ती उभी राहणार आहे. नव्या आल्बमच्या पहिल्या पानावर तिने आपल्या अक्षरात वर्ष घालून ठेवले आहे.